ओटीतला कागद

पेशकार शरणप्पा, कचेरीतले वरिष्ठ कारकून, येणार नाहीत, असा वाशीकरांचा स्पष्ट निरोप होता. मुलाचे मामा कचेरीच्या कामात अडकलेत, साखरपुडा त्यांच्याविना उरकून घ्या, लग्नाला मात्र ते चार दिवस आधी येऊन बसतील. त्या निरोपाच्या भरवशावर तर त्यांच्याच हाताखालच्या भीमाशंकरनं, नवरीच्या भावानं, एवढं धाडस केलं होतं. आणि शनिवारी सकाळी, तुळजापुरात मुक्काम करून निघालेल्या वाशीकरांच्या दोन गाड्या अणदूरच्या दारात थांबल्या, तेव्हा सर्वांत आधी खाली उतरले ते पेशकारच. उंच, वाळलेले, डोक्याला रुमी टोपी. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि कमरेच्या करदोट्याला कचेरीचा शिक्का. तो शिक्का ते अंघोळीलासुद्धा सोडत नाहीत, असं भीमाशंकर सांगायचा आणि घरातले हसायचे. आज भीमाशंकर हसत नव्हता.

तो ओसरीवरून जो उठला तो मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात.

“वैनी, मेलो,” तो म्हणाला.

“कोण मेलं?” इरम्मा तव्यावरून मान वर न करता म्हणाली. पुरणाची होळगी उलटायची वेळ झाली होती.

“म्या. पेशकार आलेत.”

“मग येऊ द्या की. पाच होळग्या जास्त लाटीन.”

“वैनी, हातातलं उलथनं खाली ठेवा आणि हिकडं या.”

इरम्मा या घरात आली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि हा दीर नऊ वर्षांचा. सासूबाई दोन वर्षांमागं गेल्या, तेव्हापासून घरातली थोरली सवाष्ण तीच. भीमाशंकर कचेरीत मोठमोठ्या लोकांच्या कागदांच्या नकला उर्दूत घोटून लिहीत असेल, पण पोटात काही दुखलं की अजून वैनीकडंच येत होता. तिनं उलथनं ठेवलं. कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीआड त्यानं अंगरख्याची उसवलेली शिवण फाकवून घडी घातलेला एक कागद काढला आणि तिच्या हातात दिला. इरम्मानं तो उलटसुलट करून पाहिला. उर्दू तिला वाचता येत नव्हती, पण अक्षर दिराचं आहे एवढं कळलं.

“ओढ्यावरचा सरकारी नाका जळाला, त्याचं हे.”

एवढं ऐकून इरम्मा कणगीला टेकली. नाका जळून महिना झाला होता. गावकऱ्यांनी मुद्दाम पेटवला, असं म्हणून वस्तीवरची अकरा माणसं धरून नेली होती. त्यांत बलभीम होता. या घराचा मळा वाट्यानं करणारा, भीमाशंकरबरोबर एकाच तालमीत माती खाल्लेला बलभीम. त्याची बायको कडूबाई या घटकेला अंगणात पुरण वाटत बसली होती, कारण घरी बसलं की डोकं फिरतं म्हणाली होती.

“नाक्यावरच्या जवानाच्या पयल्या जबानीची नक्कल हाय ही,” भीमाशंकर कुजबुजला. “आग लागली त्याच सकाळची. जमादार शिंदी पिऊन पडला होता, आणि माझ्याच पायानं कंदील लवंडला, असं तो जवान सरळ बोलून गेलाय. असल कागदावर अंगठा हाय त्याचा. मग कुणीतरी वरून आलं, दुसरी जबानी लिहून घेतली आणि ही पयली गुप्त कागदांच्या कपाटात गेली. त्या कपाटाशेजारी म्या बसतो, वैनी. रोज बसतो. सोमवारी खटला हाय तुळजापुरात. अकरा जणांना सात-सात वर्षं.”

“मग साहेबाला सांगायचं.”

“कुणाला? चोर पकडून दिला तर सरकार इनाम देतं. सरकारातली लबाडी दाखवून दिली तर दाखवणाराच चोर. माझ्यासाठी कायदा न्हाय. नोकरी जाणार, वर तुरुंग. लिंगावर हात ठेवून शपथ घेतलीय म्या, कपाटातलं गुपित फोडणार न्हाय म्हणून.”

बेत असा होता: हरणाबाई आत्या, म्हणजे इरम्माचे सासरे अप्पा यांची बहीण, तुळजापुरात राहायची आणि आरोपींचा वकील तिच्या शेजारी. दुपारी ती गाडीनं परत जाणार. आग लागल्यापासून वाटेवर पोलिसांची चौकी बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाठोडंन् गाठोडं उलगडून बघत होते. पण सवाष्णीच्या ओटीला हात लावायला अजून कुणी धजावलं नव्हतं. साखरपुड्यात वैनीनं आत्याची ओटी भरायची, ओटीच्या खणात कागद.

“कुणाला बोलू नका, वैनी. तुमी आणि म्या, बस.”

“अय्यो, म्या कशाला बोलते!” इरम्मा म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

पण नवऱ्याला सांगितल्याशिवाय घरात खण कापता येतो का? तिनं शिवप्पाला सांगितलं, त्याला गळ्याची शपथ घालून. शिवप्पाचं तोंड एवढंसं झालं आणि त्यानं अप्पांना सांगितलं, कारण घरात कर्ते तेच. अप्पांनी, म्हणजे सिद्धेश्वरअप्पांनी, बहिणीला सांगितलं, कारण कागद नेणार तीच. आणि हरणाबाई अंगणात आली, कडूबाईचे सुजलेले डोळे बघितले आणि तिच्यानं राहवेना. चौथी होळगी फुगायच्या आत नवरी प्रेमासुद्धा केसांत अर्धा गजरा माळलेल्या अवस्थेत विचारायला आली, “वैनी, कागद कुठाय?”

“हळू!” इरम्मा ओरडली. त्या ओरडण्यानं ओसरीवरचे दोन वाशीकर वळून बघायला लागले.

अप्पांनी मग सगळ्यांना गोठ्यात बोलावलं. पाहुण्यांना चहा दिला होता, जंगमस्वामी अजून यायचे होते, तेवढीच उसंत. सात माणसं, चार बैल आणि एक नुकतीच व्यालेली म्हैस. सगळे कुजबुजत होते आणि म्हैस मधूनच मोठ्यानं ओरडत होती. प्रत्येक वेळी सगळे दचकत होते.

“शपथ कशी घेतली होतीस, ते शब्दानिशी सांग,” अप्पा म्हणाले.

“सरकारचं गुपित राखीन.”

“बरं. जवानाच्या पायानं लवंडलेला कंदील, हे सरकारचं गुपित कवापासून झालं?”

अप्पा चौथी शिकलेले, पण वाद घालायला बसले की स्वामीसुद्धा उठून जायचे.

“अप्पा, शब्दांचा खेळ नगं,” शिवप्पा म्हणाला. “पेशकार ओसरीवर बसलाय. ह्याचा साहेब आणि प्रेमाचा मामेसासरा, एकच माणूस! कळलं तर ह्यो आत जाईल आणि पोरीचं लगीन आजच मोडंल. अकरा जणांसाठी आपण दोघांना विहिरीत ढकलायचं?”

“त्या अकरांत बलभीम हाय,” हरणाबाई म्हणाली.

“मला म्हाईत न्हाय व्हय? माझ्या बैलांना तोच चारा टाकायचा!” शिवप्पाचा आवाज चिरकला आणि तो बैलाकडं तोंड करून उभा राहिला.

कडूबाई कोपऱ्यात पुरणाचे हात तसेच धरून उभी होती. “दादा म्हंत्यात ते खरं हाय,” ती म्हणाली. “नगा करू काही. आमचं नशीब आमी बघू.”

पण हरणाबाईनं पदर खोचला. पदर खोचला की ती ऐकायची नाही, हे घरातल्या बैलांनासुद्धा ठाऊक होतं.

“आपला खंडोबा नळदुर्गाला निघतो, तवा दोन्ही गावं बसून त्याच्या मुक्कामाचा करार वाचतात का न्हाय? देव असून त्याला करार लागतो, ह्यो तर साधा अहलकार, कारकून हाय. सरकार ह्याला सांभाळत न्हाय ना? मग आपण सांभाळायचा. कोण काय करणार, ते ज्यानं त्यानं मोठ्यानं बोलावं. मोठ्यानं म्हंजे हळू. अप्पा, तू आधी.”

अप्पांनी फेटा नीट केला. “नोकरी गेली, तर वरच्या मळ्यात निम्मा वाटा भीमाशंकरचा. बोलणार सिद्धेश्वर.”

“तुरुंगात गेला, तर आठवड्याला डबा माझा,” हरणाबाई म्हणाली. “शेंगाची चटणी, धपाटी, दही. बोलणार हरणाबाई.”

प्रेमानं गजरा सावरला. “वाशीकरांनी लगीन मोडलं, तर म्या रडणार न्हाय.” मग विचार करून म्हणाली, “एक दिवस रडीन. बोलणार प्रेमा.”

“आमच्याकडं एक शेळी हाय,” कडूबाई चाचरत म्हणाली. “तिचं दूध, जल्मभर.”

“आणि भावजींच्या बायकोला माझ्या बिलवर बांगड्या,” इरम्मा म्हणाली.

“वैनी, माझं लगीन कुठं ठरलंय?”

“तुरुंगात जाणाऱ्याला पोरगी कोण देणार? म्हणून तर बोलले.”

आधी प्रेमा फसकन हसली, मग हरणाबाई, मग अप्पांचं पोट हलायला लागलं. हसू दाबता दाबता सगळे एकमेकांच्या खांद्यावर पडले, आणि कडूबाई, जी महिनाभर हसली नव्हती, पुरणाचा हात तोंडावर दाबून अशी हसली की गालभर पुरण माखलं. भीमाशंकर सगळ्यांकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. इतका वेळ एकट्यानं वागवलेलं ओझं सहा जणांत वाटलं गेलं होतं.

“शिवप्पा?” अप्पांनी विचारलं.

शिवप्पा वळला नाही. “माझं नाव घालू नका,” तो म्हणाला आणि निघून गेला. इरम्माचं हसू तिथंच विझलं. सोळा वर्षांचा संसार, आणि आज पहिल्यांदा तिला नवऱ्याचा राग नाही, लाज वाटली.

तिनं कोठीच्या खोलीत दार लावून घेतलं. आत्याबाईंसाठी हिरवा जरीकाठी खण काढला होता, जाड आणि घट्ट विणीचा, आतला कागद चुरगळू नये म्हणून. विहिणीसाठी तांबडा साधा. हिरव्या खणाच्या घडीत तिनं कागद सरकवला आणि काठाला दोन टाके घातले. सकाळपासून तोंडाला कुलूप घालणं जमलं नव्हतं, म्हणून आता तिनं मनाशी कानाला खडा लावला: कागद आत्याच्या ओटीत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुठल्या खणात, हे कुणालाही सांगायचं नाही. अगदी आत्याबाईंनासुद्धा नाही. आणि ते गुपित तिनं राखलं. सकाळपासून राखलेलं ते एकच गुपित, आणि घात केला तो त्यानंच.

कारण ती नारळ निवडायला बाहेर गेली आणि हरणाबाई ताटं बघायला आत आली. विहिणीच्या ताटात साधा तांबडा खण आणि आपल्या, घरच्या माहेरवाशिणीच्या, ताटात जरीकाठी! तिला घराण्याची लाज वाटली. वाशीकर काय म्हणतील? बिचाऱ्या इरम्माला सासू नाही, कोण शिकवणार तिला! कागद इरम्मा ऐन वेळी घालील असं धरून तिनं खण झटकन बदलले, वर पानसुपारी रचली आणि भाचेसुनेची चूक आपण गुपचूप सावरली, याचं समाधान मानून बाहेर जाऊन बसली.

स्वामी आले. प्रेमाला साडी झाली, अंगठी झाली, नवरदेव बसप्पा साखरेचा पुडा हातात घेऊन इतका लाजला की पुडा अप्पांनाच धरावा लागला. मग बायकांच्या ओट्या. पहिला मान विहिणीचा. मुलाची आई कस्तुराबाई पाटावर बसली होती. भारदस्त बाई, कपाळावर आडवं भस्म, आणि डोळे असे की समोरच्याच्या पदराला किती सुरकुत्या आहेत ते मोजून घेतील. तिनं पदर पसरला. इरम्मानं पाच ओंजळी तांदूळ घातले, नारळ घातला, पानाखालचा खण उचलला आणि तो पदरात पडता पडता तिच्या बोटांना टाके लागले.

दोन टाके.

हात तसाच हवेत राहिला. खाली पदरात हिरवी जर चमकत होती. समोर हरणाबाई अभिमानानं मान डोलवत होती. ओटीत पडलेलं परत मागायचं? आजवर जगात कुठल्या बाईनं मागितलं नव्हतं. सवाष्णीनं ती घरी जाऊन आपल्या देवापुढंच उलगडायची. कस्तुराबाईच्या घरच्या देवापुढं, जिथं पेशकार भाऊ शेजारी बसलेला असणार!

“काय झालं?” कस्तुराबाईनं विचारलं.

“काही न्हाय, विहीणबाई. खण शोभतोय तुमाला.”

पुढचा अर्धा तास इरम्माला नीट आठवत नाही. पाच मिनिटांत ही बातमीसुद्धा घरभर झाली. हरणाबाई मट्‌कन खाली बसली. प्रेमानं सुचवलं, आपण चक्कर येऊन सासूच्या मांडीत पडू का? अप्पांनी सुचवलं, म्हैस सोडू. सुचवून झाल्यावर कुणीच काही केलं नाही. कस्तुराबाई ओटीची गाठ कमरेला घट्ट मारून जेवायला बसली आणि चार होळग्या गुळवणीबरोबर संपवल्या.

पुरुषांच्या पंगतीत शिवप्पा वाढत होता. त्याचं लक्ष इतकं उडालं होतं की त्यानं पेशकारांच्या पानात तिसऱ्यांदा तूप ओतलं.

“बस, शिवप्पा. मला पोहायचं नाही,” पेशकार म्हणाले. मग भीमाशंकरकडं बघून, सावकाश, “परवा एक गंमत झाली. गुप्त कपाटातली एक मिसल, कागदांचं बाड, मी सोडायला घेतली. कचेरीत आम्ही मिसलीच्या फितीला साधी गाठ मारतो. या मिसलीला गाठ कसली होती, सांगा पाहू? बैलाच्या दाव्याची. माझे वडील मारायचे तशी. ओढावी तेवढी घट्ट.”

भीमाशंकरला ठसका लागला. दाराआड उभ्या इरम्माच्या हातातलं गुळवणीचं भांडं तिरपं झालं. आता कळलं, येणार नव्हते ते का आले! गाठ भीमाशंकरच्या शेतात वाढलेल्या हातांनी, न कळत, घरच्यासारखी मारली होती.

“कचेरीत शेतकऱ्यांची पोरं पुष्कळ आहेत,” पेशकार पुढं म्हणाले आणि होळगीचा तुकडा मोडला. “मी काही बोललो नाही. आमटी वाढा.”

त्याच वेळी इरम्माच्या खांद्यावर एक जड हात पडला.

“जरा आत चला, विहीणबाई,” कस्तुराबाई म्हणाली. “माझ्या ओटीतल्या खणाला टाके हायेत.”

कोठीच्या खोलीत कस्तुराबाईनं दार लोटलं. खोटं बोलायला इरम्माला दोन गोष्टी सुचल्या, दोन्ही इतक्या वाईट होत्या की तिनं खरं सांगून टाकलं. कंदील, जमादार, अकरा माणसं, कडूबाईची शेळी, सगळं. बोलता बोलता रडली आणि शेवटी म्हणाली, “माझी चूक हाय. भावजींना काही करू नका. प्रेमालाही न्हाय.”

कस्तुराबाईनं आधी एकच विचारलं. “अंगणात पुरण वाटत होती, ती त्यांतल्याच एकाची बायको का?”

“व्हय.”

“मला वाटलं, डोळे आल्यात तिचे.” तिनं ओटीची गाठ सोडली. “ओटी परत देत न्हाईत. आणि देवापुढं उघडायची, तर तुमच्या घरातही देव हायेत. शरणप्पाला आत पाठवा. आणि तुमी बाहेर थांबा.”

इरम्मा बाहेर थांबली. शेजारी कडूबाई येऊन उभी राहिली, मग प्रेमा, मग हरणाबाई. आतून आधी आवाज आला तो पेशकारांचा, हळू आणि रागावलेला: “दोन वर्षं राहिलीत माझी, अक्का! दोन वर्षं!” मग कस्तुराबाईचं काहीतरी लांबलचक. कडूबाईनं इरम्माचा हात घट्ट धरला होता.

दार किलकिलं झालं. कस्तुराबाईचा चेहरा बाहेर आला.

“काजळाची डबी हाय का? डोळ्यात काहीतरी गेलंय माझ्या.”

प्रेमानं धावत जाऊन डबी आणली. डोळ्यात काही गेल्यावर काजळ कशाला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

विडे वाटताना पेशकार भीमाशंकरसमोर थांबले. बोटांना काळं लागलं होतं, ते रुमालाला पुसत होते. “भीमाशंकर, तुमच्या कामात एक खोड आहे,” सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. “नक्कल सुरेख करता, पण मिसलीचा नंबर घालायचं विसरता. बिननंबराचा कागद न्यायाधीश चहाच्या कपाखाली ठेवतात. सोमवारी वेळेवर या.” आणि वाशीकर मंडळी गाड्या जुंपेपर्यंत खंडोबाचं दर्शन घ्यायला निघाली.

निघण्याआधी कस्तुराबाईनं इरम्माला पाटावर बसवलं. विहिणीनं उलट ओटी भरायची असतेच. तांदूळ, नारळ आणि वर एक हिरवा जरीकाठी खण. इरम्मानं पदराखालून बोटं फिरवली. टाके चार होते.

गोठ्यात सगळे पुन्हा जमले. भीमाशंकरनं टाके उसवले, कागद उलगडला आणि वाचता वाचता खालीच बसला. त्याच्या अक्षराखाली दुसऱ्या हातानं मिसलीचा नंबर होता. त्याखाली, असलबरहुकूम खरी नक्कल. त्याखाली सही, शरणप्पा, पेशकार. आणि त्याशेजारी कचेरीचा गोल शिक्का. कचेरीची शाई जांभळी असते. हा शिक्का कुळकुळीत काळा होता, थोडा पसरलेला, आणि त्याला एरंडेलाचा वास येत होता.

“ह्यो आता चोरून आणलेला कागद न्हाय,” भीमाशंकर म्हणाला. “पेशकारानं दिलेली नक्कल हाय. हा कोर्टाला घ्यावाच लागतो. कडूबाई, घ्यावाच लागतो!”

कडूबाईनं शिक्क्यावर हलकंच बोट ठेवलं आणि तेच बोट कपाळाला लावलं. कपाळावर काळा ठिपका उमटला. प्रेमा हसायला लागली, हरणाबाई रडायला लागली, अप्पांनी म्हशीच्याच पाठीवर थाप मारली. त्या गोंधळात भीमाशंकरनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

“पण आता वरचे साहेब जाब मला न्हाय विचारणार. सही पेशकारांची हाय. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत त्यांची.”

हसू थांबलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“करार परत वाचा,” दारातून कुणीतरी म्हणालं.

शिवप्पा उभा होता. धोतरावर तुपाचे डाग, डोळे लाल. “अप्पा, परत वाचा आणि त्यात पेशकारमामांचं नाव घाला. त्यांची पेन्शन बंद झाली, तर पुढची खोली त्यांची. बसून खावं जल्मभर. तूप पायजे तेवढं.”

“आणि बोलणार कोण?” अप्पांनी विचारलं.

“म्या. शिवप्पा सिद्धेश्वर. आणि सकाळच्या करारातही मला धरा, भीमाच्या बाजूचं. सकाळी बोललो न्हाय, भेलो होतो.”

इरम्मा सुईत दोरा ओवत होती. तो काही केल्या ओवला जाईना, डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. शिवप्पानं तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि पटकन दुसरीकडं बघायला लागला.

“चला, चला!” रस्त्यावरून पेशकारांची हाक आली. “आत्याबाईंची गाडी आमच्या दोन गाड्यांच्या मधे ठेवा. चौकीवर मी बोलतो.”

हरणाबाई पाटावर बसली, पदर पसरला. इरम्मानं खण हातात घेतला आणि ओटीत घालण्याआधी उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

“हिरवा खण. जरीचा काठ. डाव्या अंगाला चार टाके,” ती म्हणाली. “सगळ्यांनी नीट बघून घ्या. आणि आत्याबाई, तुमी तर दोनदा बघा.”